एसटीचं अर्धं तिकीट आणि जर-तरचा प्रोग्राम

करंजाड्यातलं एक कुटुंब अलिबागला निघालं आहे. आजी ७८ वर्षांच्या, बाबा ४०, आई ३८, मुलगा १० आणि धाकटी मुलगी ४ वर्षांची. रिक्षाने गाढी नदीचा पूल ओलांडून पाचही जण पनवेलच्या एसटी स्टँडवर येतात. पेणमार्गे जाणारी गाडी लागते, सगळे बसतात, कंडक्टर मशीन घेऊन येतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्ण तिकीट १०० रुपये धरू. पाच जणांचे मिळून किती झाले?

माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच विचारते. शनिवार-रविवार आमच्या इमारतीतली आठवी-नववीची मुलं येतात, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची येतात, कधी त्यांच्यातल्याच एखाद्याची आई येऊन बसते. ‘इफ’ आणि ‘एल्स’ हे शब्द बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असतात. कंस कुठे, कोलन कुठे, हेही पाठ असतं. तरी अटींचा धडा आला की गाडी अडते. इतक्या जणांना शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की अडचण कोलनची नाही, आपल्या बोलण्याची आहे. बोलताना आपण निम्मी अट गाळतो आणि समोरचा माणूस ती समजून घेतो. मशीन समजून घेत नाही. म्हणून हा धडा कॉम्प्युटर बंद ठेवून, वही-पेन्सिल घेऊन सुरू करा.

आधी एसटीचे नियम. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. आणखीही सवलती आहेत, पण शिकायला एवढ्या पुरेत. आता कुटुंबाचा हिशेब: आजी शून्य, बाबा १००, आई ५०, मुलगा ५०, धाकटी शून्य. एकूण २०० रुपये.

हे उत्तर सगळेच बरोबर देतात, सहावीतला मुलगाही देतो. मग मी सांगते, ‘आता कंडक्टरच्या मशीनला सांग.’ आणि वहीत साधारण हे उतरतं:

जर महिला असेल: तिकीट = ५०
नाहीतर जर वय < ५: तिकीट = ०
नाहीतर जर वय >= ७५: तिकीट = ०
नाहीतर जर वय < १२: तिकीट = ५०
नाहीतर जर वय >= ६५: तिकीट = ५०
नाहीतर: तिकीट = १००

पायथनमध्ये ‘जर’च्या जागी ‘इफ’, ‘नाहीतर जर’च्या जागी ‘एलिफ’ आणि ‘नाहीतर’च्या जागी ‘एल्स’ टंकायचं. वरच्या सहाही ओळी नियमांना धरून दिसतात. पण पेन्सिल हातात घ्या आणि आजींना पहिल्या ओळीपासून चालवत न्या. आजी महिला आहेत का? आहेत. तिकीट ५०. मशीन तिथेच थांबलं, खालच्या ओळी त्याने पाहिल्याच नाहीत. चार वर्षांच्या धाकटीचंही तसंच. एकूण ३०० रुपये झाले. मशीनने कुठेही चूक दाखवली नाही, लाल अक्षरं आली नाहीत, फक्त एका कुटुंबाकडून शंभर रुपये जास्त घेतले गेले.

शिकणाऱ्याने सगळ्यात जास्त जपायचं ते या प्रकारापासून. कोलन विसरलात तर मशीन ओरडतं. अटींचा क्रम चुकला तर ते गप्प राहतं. ‘एलिफ’च्या साखळीत वरून खाली जाताना जी अट पहिली खरी ठरते, तिथेच निकाल लागतो, म्हणून जी अट जास्त नेमकी आणि थोड्या जणांना लागू होणारी, ती वर घ्यायची. पाच वर्षांखालची मुलं आणि ७५ च्या वरचे आधी, सगळ्या महिला त्यानंतर. साखळी अशी लावली की एक सोयही होते. पाचच्या खालची मुलं पहिल्याच ओळीत बाजूला निघालेली असतात, त्यामुळे पुढे ‘पाच ते बारा’ असं न लिहिता नुसतं ‘बाराच्या खाली’ पुरतं.

आता दुसरी चूक. ‘एलिफ’ नको, तीन-चार सुटे ‘इफ’ लिहू, असं काही जणांना वाटतं आणि ते अर्ध्या तिकिटाची ओळ अशी लिहितात: जर महिला असेल, तर तिकीट निम्मं कर, जर वय ६५ च्या पुढे असेल, तर तिकीट निम्मं कर. शेजारच्या ६८ वर्षांच्या मावशी या प्रोग्राममधून गेल्या की १०० चे ५० होतात आणि ५० चे २५. सुटे ‘इफ’ म्हणजे सुटे प्रश्न, प्रत्येक प्रश्न विचारला जातोच. साखळी म्हणजे एकच प्रश्न, त्याची अनेक उत्तरं आणि त्यातलं एकच निवडायचं. लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी लागू व्हायला हव्यात का? तिकिटाला नको. पण शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘चित्रकलेत उत्तम’ आणि ‘हजेरी कमी’ हे दोन्ही शेरे एकाच मुलाला मिळू शकतात. तिथे सुटे ‘इफ’च बरोबर.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना एक सांगायचं आहे: या धड्यात तुमची भाषा तुमच्या मदतीला आहे. ‘जर-तर’ हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून तुम्ही शाळेत घोकलेलं आहे. त्याच यादीत ‘जरी-तरी’ही असतं. ‘जर पाऊस पडला तर सहल रद्द’ आणि ‘जरी पाऊस पडला तरी सहल जाणार’ या दोन वाक्यांकडे प्रोग्रामरच्या नजरेने पाहा. दुसऱ्या वाक्यात पाऊस पडो न पडो, सहल जाणारच आहे. म्हणजे तिथे ‘इफ’ची गरजच नाही. तरीही नवखी मुलं ‘इफ’खाली ‘तिकीट छाप’ लिहितात आणि ‘एल्स’खालीही ‘तिकीट छाप’ लिहितात. दोन्ही फांद्यांवर तीच ओळ दिसली की ओळखा, ही ‘जरी-तरी’ची गोष्ट आहे. ती ओळ अटीबाहेर काढा, एकदाच लिहा.

पण हीच भाषा फसवतेही, आणि सगळ्यात जास्त फसवतात ‘आणि’ व ‘किंवा’. ‘महिला आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट’ असं आपण सहज म्हणतो. हे वाक्य कोडमध्ये जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे महिला ‘आणि’ वय ६५ च्या पुढे अशी अट घातली, तर अर्धं तिकीट फक्त मावशींना मिळेल. ३८ वर्षांच्या आईला पूर्ण, ६८ वर्षांच्या काकांनाही पूर्ण. मराठीतला तो ‘आणि’ दोन गटांची नावं जोडतो. प्रोग्राममधला ‘आणि’ एकाच माणसात दोन्ही गुण मागतो. म्हणून कोडमध्ये तिथे ‘किंवा’ हवा. शंका आली तर एकाच माणसाचं नाव घेऊन वाक्य पुन्हा म्हणा: ‘या बाईंना सवलत मिळायला त्या महिला असाव्या लागतील आणि शिवाय ज्येष्ठही असाव्या लागतील का?’ उत्तर आपोआप मिळतं.

‘किंवा’चा सापळा वेगळा आहे आणि पायथन शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यात एकदा पडतो. ‘गाव पेण किंवा अलिबाग असेल तर’ हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. मुलं लिहितात: जर गाव == "पेण" किंवा "अलिबाग". यावर पायथन तक्रार करत नाही. पण त्याने ऐकलेलं असतं ते असं: ‘गाव पेण आहे का? किंवा, “अलिबाग”?’ दुसऱ्या भागात प्रश्नच नाही, नुसता एक शब्द आहे, आणि रिकामा नसलेला कुठलाही शब्द पायथन ‘खरं’ मानतं. त्यामुळे गाव महाड असो की नाशिक, अट कायम खरी. ‘गाव’ हा कर्ता आपण दुसऱ्यांदा गाळला, माणसाला कळलं, मशीनला नाही. पूर्ण लिहा: गाव == "पेण" किंवा गाव == "अलिबाग".

नकारात तर याहून जास्त घोटाळा होतो. करंजाड्याच्या शेजारीच आता विमानतळ उभा आहे, त्याचंच उदाहरण घेऊ. आत जायला तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही लागतं. मग अडवायचं कोणाला? पुष्कळ जण पटकन लिहितात: तिकीट नसेल आणि ओळखपत्र नसेल, त्याला अडव. म्हणजे तिकीट आहे पण ओळखपत्र घरी विसरला, असा माणूस बिनदिक्कत आत गेला. दोन्ही लागत असेल तर नकारात ‘आणि’चा ‘किंवा’ होतो: तिकीट नसेल किंवा ओळखपत्र नसेल, तर अडव. या नियमाला ज्यांचं नाव आहे ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला जन्मले. नियम पाठ करू नका, गेटवर उभे राहा. हातात तिकीट आहे-नाही, ओळखपत्र आहे-नाही, अशी चार प्रकारची माणसं समोर आणा आणि प्रत्येकाचा निकाल वहीत लिहा.

आता सीमेवरची माणसं. ‘पाच ते बारा’ म्हणताना ज्याला परवाच बारा पूर्ण झाले तो मुलगा आत की बाहेर? ‘६५ ते ७५ अर्धं, ७५ वर मोफत’ म्हटलं तर बरोबर ७५ चे आजोबा कुठल्या रांगेत? बोलताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, कोडमध्ये मात्र ‘<’ की ‘<=’ हे ठरवल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. हे प्रोग्रामरने मनाने ठरवायचं नसतं. ज्याचा नियम आहे त्याला विचारायचं, लेखी नियम पाहायचा. वरच्या कोडमध्ये मी बाराला बाहेर आणि ७५ ला मोफतमध्ये धरलं, ते केवळ उदाहरणासाठी. तुमचा प्रोग्राम तपासताना वयं अशी घ्या: ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५. तीस वर्षांच्या माणसावर तपासून काहीच कळत नाही, कारण चुका सीमेवर राहतात. आणि प्रत्येक वयापुढे अपेक्षित तिकीट आधी वहीत लिहा, मगच प्रोग्राम चालवा. आधी चालवलं की पडद्यावर जे येतं तेच बरोबर वाटायला लागतं. हे मी स्वतःच्या बाबतीत कितीतरी वेळा पाहिलं आहे.

चिन्हांबद्दल थोडक्यात. एक ‘=’ म्हणजे ‘ठेव’, दोन ‘==’ म्हणजे ‘आहे का?’. वय = ५ ही आज्ञा आहे, वय == ५ हा प्रश्न आहे. पायथनमध्ये अटीत एकच ‘=’ लिहिला तर चूक लगेच दाखवली जाते. सी भाषेत बहुधा नुसता इशारा मिळतो, तोही कंपायलरने दिला तर. प्रोग्राम चालतो, वयात मुकाट्याने ५ भरले जातात आणि अट कायम खरी ठरते. आणखी एक फरक: ५ <= वय < १२ अशी जोडअट पायथनला शाळेच्या गणितासारखी समजते. सीमध्ये तीच अट नेहमी खरी निघते, कारण पहिल्या तुलनेचं उत्तर ० किंवा १ येतं आणि ते दोन्ही १२ हून लहानच. कॉलेजात सी आणि घरी पायथन शिकणाऱ्यांनी ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

कीबोर्डवरून घेतलेलं वय पायथनकडे अक्षरं म्हणून येतं, संख्या म्हणून नाही. त्याची थेट ५ शी लहान-मोठेपणाची तुलना केली की एरर येते. दोन्हीकडे अक्षरंच असली तर एररही येत नाही, पण "९" हे "१०" पेक्षा मोठं ठरतं, कारण शब्दकोशासारखी पहिल्या अक्षराची तुलना होते. म्हणून आधी ‘इंट’ने संख्या करून घ्या. गंमत म्हणजे कोणी देवनागरीत १२ टंकलं तरी ‘इंट’ ते ओळखतं. मात्र कोडच्या आत थेट लिहिलेले आकडे इंग्रजीच लागतात. या लेखातल्या ओळी टंकताना तेवढा बदल करा.

व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवता येतात. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून ‘वय’, ‘तिकीट’, ‘गाव’ अशी देवनागरी नावं चालतात. पहिले दोन-तीन महिने तशीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगते. अट वाचताना डोकं भाषांतरात अडकलं की तर्काकडे लक्ष राहत नाही. पुढे नोकरीत इंग्रजी नावं लागतील, ती सवय आठवड्यात होते. मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे धडे मराठी आवाजात आहेत, अटींचे धडेही त्यात आहेत. लॅपटॉप नसेल तर अडून बसू नका. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पायथन चालतं आणि तिकिटाचा हा प्रोग्राम दहा ओळींचाही नाही.

जाता जाता एक. आज सहज लिहितो तो ‘नाहीतर’ सुरुवातीला नव्हता. १९५७ च्या फोरट्रान भाषेतला ‘इफ’ एकच विचारायचा: आकडा ऋण आहे, शून्य आहे की धन? आणि उत्तराप्रमाणे तीनपैकी एका ओळीवर उडी मारायचा. ‘जर-तर-नाहीतर’ ही आजची बांधणी त्यानंतर जॉन मॅकार्थी यांच्या विचारातून लिस्प आणि अल्गोल भाषांमध्ये आली. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘एल्स’ कुठे लावायचा हे कळलं नाही तर स्वतःला मठ्ठ समजू नका. ही कल्पना भाषेत बसवायला मोठमोठ्या माणसांनाही वेळ लागला होता.

तिकीट जमलं की वीजबिल घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यावर चौथा. खरे दर बदलत राहतात, म्हणून शिकताना पहिला ५ रुपये आणि दुसरा १० रुपये धरा. १०१ युनिटचं बिल किती? मुलं अट बरोबर लिहितात, पण हिशेबात १०१ गुणिले १० करून १०१० रुपये काढतात. खरं उत्तर ५१०: पहिले १०० युनिट ५ च्या दरानेच, फक्त एक युनिट १० ने. एक युनिट वाढला की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असं घराघरांत समजलं जातं, म्हणून हा हिशेब आईबाबांसमोर बसून करा. मी एका मुलीला घरचं जुनं बिल घेऊन यायला सांगितलं होतं. तिने दर टाकून विजेचा आकार अगदी जुळवला आणि मग स्थिर आकार, वहन आकार कुठून आले याचा शोध घेत बसली. तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे.

त्यानंतर लीप वर्ष. ४ ने भाग जातो तर लीप, पण १०० ने गेला तर नाही, पण ४०० ने गेला तर पुन्हा लीप. हे २०२३, २०२४, १९०० आणि २००० या चार वर्षांवर तपासा. २००० लीप आणि १९०० साधं निघालं, तर क्रम जमला. दहावीच्या निकालाचे वर्ग, म्हणजे ७५, ६०, ४५ आणि ३५ टक्के, हा तिकिटाचाच भाऊ आहे. ३५ पासून वर चढत अटी लिहा आणि ९० टक्केवाल्याचं काय होतं ते पाहा.

कोड चॅटबॉटकडून लिहून घेणारे विद्यार्थी आता पुष्कळ आहेत. घ्या, पण ४, ५, ११, १२ ची ती वही बाजूला असू द्या आणि त्याचा कोडही आजींना घेऊन वरून खाली चालवा.

शेवटचा सराव इमारतीच्या खाली आहे. पाण्याची मोटर. वरची टाकी पाव भागापेक्षा कमी झाली आणि खालच्या टाकीत पाणी असेल, तर मोटर चालू. वरची टाकी भरली किंवा खालची रिकामी झाली, तर बंद. खालच्या टाकीची अट विसरलात तर मोटर कोरडी फिरून जळते, हे वॉचमनकाकांना विचारा. आता वरची टाकी अर्धी आहे. मोटर चालू करायची की बंद? मुलं हटकून इथे ‘एल्स’ टाकतात आणि त्यात ‘बंद’ लिहितात. मग मोटर पाव टाकी भरताच थांबते, थोडं पाणी खाली गेलं की पुन्हा सुरू होते, आणि दिवसभर चालू-बंद होत राहते. अर्ध्या टाकीला काहीच करायचं नाही: चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंद. त्या जागी ‘एल्स’ नकोच.

हे सांगितल्यावर एका नववीतल्या मुलाने विचारलं, ‘टाकी अर्धी असताना लाइट गेली आणि दहा मिनिटांनी आली, तर मोटर चालू होती की बंद, हे मशीनला कसं कळणार?’ वरच्या दोन अटींत त्याचं उत्तर नाही. त्यासाठी मोटरची शेवटची स्थिती लाइट गेल्यावरही टिकेल अशा जागी लिहून ठेवायला हवी आणि लाइट आल्यावर पहिल्या ओळीत ती वाचायला हवी. पुढच्या शनिवारी आम्ही तेच लिहायला बसलो.